न खाजणारा चट्टा

पाठीवर गळूं झालें तर माणूस घर डोक्यावर घेतो. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला तर तोच माणूस लांब बाह्यांचा सदरा शिवून घेतो. गळूं ठणकतें, म्हणून तें चौघांस दाखविलें जातें. चट्टा दुखत नाहीं, खाजत नाहीं, आणि नेमका म्हणूनच तो डॉक्टरांस दाखवावयास हवा, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही फारशी ठाऊक नसावी असें आम्हांस वाटतें.

आमचे एक माजी विद्यार्थी डोंबिवलीहून रोज मुंबईस नोकरीला जात. मनगटावर असा चट्टा दिसल्यावर त्यांनीं दीड वर्ष खोबरेल आणि पथ्य यांवर काढलें. डोंबिवलींत डॉक्टरांची वाण नाहीं. परंतु दवाखान्याच्या बांकावर अर्धी आळी बसलेली, आणि घरांत लग्नाची मुलगी! करंगळी वांकूं लागली तेव्हां ते आमच्याकडे आले. 12 महिन्यांच्या गोळ्यांनीं कुष्ठरोग समूळ गेला. करंगळी मात्र तशीच राहिली. या रोगाचे जंतु कातडीबरोबर मज्जातंतूंवरही घाला घालतात, आणि कोपरामागचा तंतु एकदां निकामी झाला कीं गोळ्यांनीं तो परत येत नाहीं.

या भीतीचें अर्धें मूळ नांवांत आहे. चरकानें कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले, त्यांत दद्रु म्हणजे आपला नायटा आणि पामा म्हणजे खरूजही येते! ‘कोड’ हा शब्दही ‘कुष्ठ’ यापासूनच निघाला. वस्तुतः पांढरें कोड हा निराळा विकार, तो संसर्गजन्य मुळींच नव्हे, आणि त्या जागीं स्पर्श पूर्ण कळतो.

उरलेलें मूळ इतिहासांत आहे. हॅन्सेननें 1873 सालीं जंतु शोधला, तरी गुणकारी औषध हातीं येण्यास कित्येक दशकें गेलीं. मुंबईस 1890 सालीं ॲकवर्थ यांच्या पुढाकारानें निराधार रोग्यांसाठीं आश्रयस्थान निघालें, त्या काळीं त्यांस वेगळें ठेवण्यापलीकडे उपाय नव्हता. 1981 पासून मात्र एकत्रित औषधांची योजना आहे. चट्टे थोडे असतील तर 6 महिने, अधिक असतील तर 12. सरकारी दवाखान्यांत पैसा पडत नाहीं. औषध सुरू होतांच संसर्गाचें भय झपाट्यानें सरतें, तेव्हां ताटवाटी निराळी करण्याचें कारण नाहीं. या रोगावरून घटस्फोट मागण्याची तरतूदही 2019 सालीं कायद्यांतून काढली गेली. समाजाच्या मनांतून ती कधीं निघेल, कोण जाणे! पत्री पुलाजवळच्या कुष्ठपीडितांच्या वसाहतीसाठीं झटणारे डोंबिवलीचे गजानन माने यांस 2023 सालीं पद्मश्री मिळाली. अशा वसाहतींतील वृद्धांचा रोग बहुधा कधींच गेलेला असतो; झडलेलीं बोटें पाहून लोक मात्र अजून दूर सरतात.

घरच्या घरीं एवढें करावें. डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोंकानें चट्ट्यास हळूच शिवावें. स्पर्श कळला नाहीं तर एक दिवसही दवडूं नये. कळला तरी शंका फिटली असें नव्हे. निदान डॉक्टरांनींच करावयाचें. आळींतल्या दवाखान्याचा संकोच वाटत असेल तर लोकलचें तिकीट काढून ठाण्यास जावें. तेथील बांकावर कोणी ओळखीचें भेटलेंच, तर तेंही बहुधा त्याच कामासाठीं आलेलें असेल.