पहिल्या नंबरचा लिलाव

आमच्या गावच्या अकरा जणांनी मिळून एक गट केला. रब्बीची ज्वारी आडतीवर न घालता, चाळून-निवडून पाच आणि दहा किलोच्या पिशव्यांत भरायची आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला सरळ विकायची, असा बेत. एकाच्या शहरात शिकणाऱ्या मुलाने वेबसाइट करून दिली. फोटो चढले, भाव चढला, फोन नंबर चढला. महिना गेला तरी फोन काही वाजेना. मग तालुक्याच्या गावाहून एक नीटनेटका पोरगा फटफटीवर आला. म्हणाला, "काका, तुमची वेबसाइट गुगलवर दिसतच नाही. मी एसईओ करून देतो. तीस हजार द्या, तीन महिन्यांत पहिला नंबर. लेखी गॅरंटी."

माणशी पावणेतीन हजार. फवारणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे निघाले.

तीन महिन्यांनी पोरगा परत आला. सगळ्यांच्या देखत त्याने मोबाईलमध्ये गटाचे नाव लिहिले, आणि पहिल्याच ओळीत आमची वेबसाइट! मंडळी खूश. मी मागे बसलो होतो. विचारले, "बाबा रे, हे नाव आम्हीच ठेवलेले. आम्हा अकरा जणांशिवाय ते ठाऊक कुणाला? पुण्याची बाई नुसते 'ज्वारी' लिहील तेव्हा आम्ही कुठे?" त्याने तेही लिहून पाहिले. पानामागून पाने सरकवली. आम्ही कुठेच नव्हतो. गॅरंटीचा कागद काढून वाचला, तर 'पहिला नंबर' एवढेच. कोणत्या शब्दाला पहिला नंबर, त्याचा पत्ता नाही. आपल्याच वावरात शंकरपट भरवायचा, जोडी एकच सोडायची आणि ती पहिली आली म्हणून गुलाल उधळायचा, तसला हा प्रकार.

पोराने खोटे काही केले नाही, हेच खरे दुखणे आहे. आपल्याला विचारायचे काय तेच माहीत नव्हते. खुद्द गुगलने आपल्या माहितीपत्रात लिहून ठेवले आहे, की पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही. ते कागद फुकट वाचायला मिळतात. आपण वाचले नाहीत.

हा नंबर लागतो तरी कसा? गुगलचे प्रोग्रॅम अहोरात्र जगभरच्या वेबसाइटी वाचत फिरतात आणि कोणत्या पानावर कोणता शब्द आहे याची मोठी खतावणी ठेवतात. शब्द तर हजारो पानांवर सापडतो. त्यात वर कोण? १९९८ साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी यावर तोड मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवले, म्हणजे लिंक दिली, की ते त्याच्या बाजूचे मत धरायचे. आणि ज्याच्याकडे पुष्कळांनी बोट दाखवले आहे त्याच्या मताला वजन जास्त. गावात तरी दुसरे काय होते? बियाणे कुणाचे घ्यावे हे आपण चार जणांना विचारतो, आणि त्यातही ज्याच्या शब्दाला मान आहे त्याचे धरतो. आज याखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी मोजल्या जातात, पण पाया तो होता.

मताला किंमत आली की मते विकत घेणारा येतोच. निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानदार कंपनीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. २०१० च्या सणासुदीत तिथे कपडे शोधा, पलंगपोस शोधा, गालिचे शोधा, पहिले नाव पेनीचेच. सॅमसोनाइटच्या बॅगा शोधल्या तर सॅमसोनाइटच्या स्वतःच्या वेबसाइटच्याही वर पेनी! फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छडा लावला. ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही अशा शेकडो वेबसाइटींवर पेनीच्या हजारो लिंका पेरलेल्या. कंपनी म्हणाली, आम्हाला काही माहीत नाही, आणि एसईओ करणाऱ्या फर्मला काढून टाकले. गुगलने दणका दिला. काही तासांत बॅगांच्या बाबतीत पेनी पहिल्यावरून एकाहत्तराव्या जागी गेली. एवढी बलाढ्य कंपनी, ती सावरली. आपल्यासारख्याच्या नावाने कुणी असल्या लिंका पेरल्या आणि वेबसाइट तळाला गेली, तर दाद मागायला जाणार कुठे?

गंमत म्हणजे पैसे न मोजता मिळालेल्या जागेला या धंद्यात 'ऑरगॅनिक' म्हणतात. म्हणजे सेंद्रिय! सेंद्रियचे दाखले विकणारे इथेही आहेतच.

दुसरा रस्ता उघड पैशाचा. वरच्या काही ओळींवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेले असते. त्या जाहिराती. कुणी शब्द टाकून शोधले की त्या क्षणी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, लिलाव होतो. बोली किती आणि जाहिरात कितपत कामाची, यावर जागा ठरते. बाजार समितीच्या ओट्यावर लिलाव आपल्या मालाचा होतो. इथे लिलाव गिऱ्हाइकाच्या नजरेचा. आणि बोट लागले की बोलीचे पैसे गेले, मग त्याने ज्वारी घेवो की न घेवो. माल विकायच्या आधीच हमाली-तोलाई कापून घेतल्यासारखे. या आणि अशा जाहिरातींतून गुगलला शोधाच्या धंद्यात २०२३ या एका वर्षात सुमारे १७५ अब्ज डॉलर मिळाले.

या बाजाराचा ओटा एकाच्याच मालकीचा झाला आहे. १९७२ च्या कापूस एकाधिकाराखाली गाड्या रिकाम्या केलेल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगायला नको. तो सरकारचा होता, हा खाजगी, एवढाच फरक. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेचे न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारातली मक्तेदारी गुगलने बेकायदा टिकवली. मोबाईल उघडताच समोर आपलाच शोध यावा म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम इतर कंपन्यांना मोजल्याचे त्या खटल्यात बाहेर आले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल १३५ कोटी ८६ लाखांचा दंड ठोकला होता.

म्हणून बोंडअळीचे औषध शोधताना जी पहिली ओळ येते तिला सल्ला समजू नका. 'प्रायोजित' असेल तर तो विक्रेता आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे किंवा आपल्या कृषी विद्यापीठाचे नाव घालून मुद्दाम शोधा, आणि तीन ओळी खाली जायचा कंटाळा करू नका.

मग वेबसाइट मोडून टाकायची? मी तसे म्हणणार नाही. सभेत एक जण तसे बोलला, त्याला मी अडवले. आडत्याच्या पलीकडचे गिऱ्हाईक आपल्याला पहिल्यांदा दिसते आहे. चूक वेगळी होती. आम्ही पानभर लिहिले काय, तर 'उत्कृष्ट दर्जा, ग्राहकांचे समाधान'. असे कोण शोधतो? खानदेशात दादर म्हणतात, सोलापूरकडे मालदांडी, पश्चिमेकडे शाळू. शहरातली सून 'ज्वारीचे पीठ' लिहिते, डॉक्टरने गहू बंद केलेला माणूस 'ग्लुटेन नसलेले पीठ' लिहितो. यातला एकही शब्द आमच्या पानावर नव्हता! आता मुलाला बसवून लिहून घेतले: गाव कोणते, जमीन कशी, वाण कोणते, कापणी कोणत्या महिन्यात, कीड लागू नये म्हणून काय केले, भाकरी कशी होते, पोहोच किती दिवसांत. गुगलच्या नकाशावर गटाची नोंद केली, तिला पैसा लागत नाही. फोन येऊ लागले आहेत. अजून थोडेच आहेत, पण जे येतात ते ज्वारीच विचारतात. एकदा नेलेल्याचा नंबर आम्ही वहीत लिहून ठेवतो, पुढच्या सुगीला त्याला आपणच फोन करायचा, मध्ये गुगल नाही.

पुढच्या बैठकीला येताना ज्या ज्या गटांनी असे पैसे दिले आहेत त्यांनी आपापल्या गॅरंटीचे कागद घेऊन यावे. कोणत्या शब्दाला पहिला नंबर, ते त्यात लिहिले आहे का, एवढे आधी वाचू.