हरलेल्या संघाचे पाठीराखे



गळिताच्या धामधुमीत बास्केटबॉलची गोष्ट काढली म्हणून कोणी हसू नये. आपल्या भागातली बरीच मुलेमुली आता शिकायला अमेरिकेत जातात. मार्च महिना उजाडला की तिथल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचे वेड त्यांनाही लागते, आणि मग घरी फोनवर उसाचे, पावसाचे विचारायचे सोडून पोरं "आमचं कॉलेज हरलं" म्हणून तोंड पाडून बसतात. आपला संघ आपल्यापेक्षा बलाढ्य संघाकडून हरला, तर पाठीराख्याने वागावे कसे, ह्या प्रश्नावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. प्रश्न तिकडचा आहे, म्हणून दाखलेही तिकडचेच घेतो.

प्रथम खेळाची ओळख. पाच-पाच गडी, दहा फुटांवर लोखंडी कडी आणि जाळी, चाळीस मिनिटांचा सामना. पुरुषांच्या कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून भरते. १९८५ साली ती ६४ संघांची झाली आणि आता ६८ संघ घेतात. एकदा हरला तो घरी गेला, दुसरी संधी नाही. चार गट पाडून प्रत्येक गटात १ ते १६ असे क्रमांक देतात, आणि पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी घालतात. म्हणजे गटातला सर्वांत जबरदस्त गडी आणि सर्वांत किरकोळ गडी एका फडात. १९८५ ते २०१७ ह्या काळात पुरुषांच्या स्पर्धेत अशा १३२ लढती झाल्या. एकूण एक बलाढ्यांनी जिंकल्या.

असा पराभव झाला की पाठीराखे दोन तऱ्हांनी वागतात. काही जण शिव्या घालतात. प्रशिक्षकाला हाकला, अमक्याला बसवा, तमक्याने नाक कापले, असा त्यांचा सूर. दुसरे लगेच गोंजारायला लागतात. "ते केवढे, आपण केवढे! एवढं खेळलो हेच खूप झालं!" पहिल्या तऱ्हेला सगळेच नावे ठेवतात. पण आमच्या मते दुसरी तऱ्हाही संघाच्या काही कामाची नाही. दोघांनीही सामना नीट पाहिलेला नसतो. एकाने फक्त निकाल पाहिला, दुसऱ्याने फक्त प्रतिस्पर्ध्याचा आकार पाहिला.

१९८९ चा एक सामना ह्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. १७ मार्च रोजी प्रॉव्हिडन्स शहरात प्रिन्स्टन आणि जॉर्जटाऊन ह्यांची गाठ पडली. जॉर्जटाऊन पहिल्या क्रमांकाचे, प्रिन्स्टन सोळाव्या. प्रिन्स्टन ज्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहीत. पोरं अभ्यासावर प्रवेश मिळवून खेळायची. समोर जॉर्जटाऊनकडे अलोन्झो मोर्निंग हा सहा फूट दहा इंचांचा गडी, जो पुढे व्यावसायिक खेळात नामांकित झाला.

प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल ह्यांनी आपल्या पोरांना उंचीची बरोबरी करायला सांगितले नाही. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, घाई करायची नाही, अडवणारा गडी जरा पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून निसटून जाळीखाली जायचे, ही त्यांची पद्धत. मध्यंतराला प्रिन्स्टन २९-२१ असे पुढे होते! शेवटी जॉर्जटाऊन ५०-४९ असे एका गुणाने जिंकले. अखेरच्या क्षणांत प्रिन्स्टनने दोनदा जाळीकडे चेंडू मारला आणि दोन्ही वेळा मोर्निंगचा हात आडवा आला. दुसऱ्या वेळी फाऊल होता की नव्हता, हा वाद पाठीराख्यांना पुढे कित्येक वर्षे पुरला.

आता बघा, पाठीराख्याला इथे तीन वाटा होत्या. पंचाच्या नावाने बोटे मोडावीत, किंवा "एका गुणाने हरलो म्हणजे जिंकल्यातच जमा" म्हणून ऊर भरून घ्यावा, किंवा आपली पद्धत खरी आहे हे ओळखून ती धरून ठेवावी. प्रिन्स्टनने तिसरी वाट धरली. १९९६ साली ह्याच स्पर्धेत त्यांची गाठ आदल्या वर्षीच्या विजेत्या यू.सी.एल.ए. संघाशी पडली. प्रिन्स्टनने तो सामना ४३-४१ असा जिंकला. विजयाची शेवटची टोपली कशी पडली? अडवणाऱ्याच्या पाठीमागून निसटून जाळीखाली जाऊनच. सात वर्षांपूर्वीच्या पराभवाला लोकांनी नुसती शरम मानली असती आणि पद्धत फेकून दिली असती, तर हा दिवस दिसला नसता.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात जाणते लोक हेच करतात. वजनदार पैलवानाखाली गेलेल्या पोराने डाव कोणता टाकला, तो का फसला, ह्याची चर्चा परतीच्या वाटेवर चालते. चांगला लढला असेल तर हरलेल्याच्या पाठीवरही थाप पडते. पण डावच टाकला नसेल, तर तेही तोंडावर सांगतात.

तोंडावर सांगण्याचा दाखला हवा असेल तर बटलर विद्यापीठाचा घ्यावा. इंडियानापोलिस शहरातले हे लहानसे विद्यापीठ २०१० साली थेट अंतिम सामन्यात पोहोचले. सामना त्यांच्याच शहरात, आणि समोर ड्यूक, म्हणजे ह्या खेळातले बडे संस्थान. ड्यूक ६१-५९ असे जिंकले. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने अगदी शेवटच्या क्षणी जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकला. तो फळीला लागला, कडीला लागला आणि बाहेर पडला. पुढच्या वर्षी बटलर पुन्हा अंतिम सामन्यात आले आणि कनेक्टिकटकडून ५३-४१ असे हरले. त्या दिवशी बटलरने ६४ वेळा जाळीकडे चेंडू मारला, त्यातले फक्त १२ आत गेले.

हे दोन्ही पराभव मोठ्या संघांकडून झालेले. पण दोन्हींना एकच मलम लावून चालेल काय? पहिल्यात नशीब चार बोटे कमी पडले. दुसऱ्यात नेम चुकला, आणि तो का चुकला हे विचारलेच पाहिजे. समोरच्या उंच गड्यांनी नेम धरू दिला नाही हे खरे, पण म्हणून ६४ पैकी १२ हा आकडा झाकून ठेवता येत नाही. त्याच सामन्यात मध्यंतराला बटलर २२-१९ असे पुढे होते, म्हणजे बचाव चोख होता, हेही खरे. ज्याला ह्या दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येतात, तो जाणता पाठीराखा.

कोणी म्हणेल, हे मोठ्या स्पर्धेत पोहोचलेल्यांचे झाले. जे नेहमीच हरतात त्यांनी काय करावे? त्यासाठी पासाडेना येथील कॅलटेकचे उदाहरण आहे. विज्ञानात जगभर नाव असलेली ही संस्था, पदवीचे विद्यार्थी जेमतेम हजार. तिचा पुरुष संघ आपल्या विभागीय गटात १९८५ पासून सलग ३१० सामने हरला. "हुशार पोरं आहेत, खेळात हरली तर काय बिघडलं," असे म्हणून हात झटकणे सोपे होते. पण दर मोसमात पोरं सरावाला येत राहिली आणि हार मोजत राहिली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजवर ४६-४५ असा विजय मिळाला, तेव्हा बघणारी मंडळी धावत मैदानात उतरली. रोज जिंकणाऱ्याला त्या एका गुणाची गोडी काय कळणार!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखनप्रपंच केला त्या गोष्टीकडे वळतो. पूर्वी शिव्या देणारा प्रेक्षागृहातून ओरडायचा आणि घरी जायचा. आज त्याची शिवी मोबाईलवरून थेट खेळाडूच्या उशाशी जाते. त्यातच २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली, आणि तेव्हापासून तीसहून अधिक राज्यांनी तो कायदेशीर केला आहे. त्यामुळे हरलेल्या संघाचा पाठीराखा आणि पैसे बुडालेला सटोडिया एकाच तोंडाने बोलू लागले. २०२४ च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अर्मांडो बेकॉट ह्या खेळाडूने जाहीरपणे सांगितले, की आपला संघ जिंकूनसुद्धा शंभराहून अधिक लोकांनी आपल्याला वाईटसाईट लिहिले. का, तर सटोड्यांनी धरलेल्या आकड्याइतके चेंडू त्याने परत मिळवले नाहीत म्हणून! जिंकल्यावर ही गत, तर हरल्यावर काय होत असेल? लक्षात घ्या, ही अठरा ते बावीस वर्षांची पोरं आहेत. सकाळी त्यांना वर्गात बसायचे असते.

दुसरी गोष्ट पैशाची. २०२५ च्या जुलैपासून तिथली विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. खेळाडूला त्याच्या घामाचे मोल मिळावे ह्यात आमच्या मते वावगे काही नाही. पण एवढी रक्कम बाहेर काढणे थोड्याच विद्यापीठांना परवडते. प्रिन्स्टनच्या गटाने तर ह्या योजनेत उतरायचेच नाही असे ठरवले. लहान कॉलेजाने घडवलेला चांगला गडी मोठ्याकडे निघून जातो तो वेगळाच. म्हणजे बलाढ्य आणि दुबळा ह्यांतले अंतर पुढे वाढण्याचीच चिन्हे. असे पराभव पुष्कळांच्या वाट्याला पुष्कळ वेळा येणार. २०१८ साली यू.एम.बी.सी. ने व्हर्जिनियाला ७४-५४ असे लोळवून सोळाव्या क्रमांकाचा पहिला विजय मिळवला आणि २०२३ साली फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवले, हे खरे. पण असे दिवस क्वचित उगवतात. मधल्या सगळ्या वर्षांत संघ तगवायचा तो पाठीराख्यांनीच.

तेव्हा तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. तुमचे कॉलेज मोठ्याकडून हरत असेल तर शेवटच्या मिनिटापर्यंत जागा सोडू नका. खेळाडू आत जाईपर्यंत टाळ्या वाजवा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर खुशाल चिरफाड करा, कोणता डाव चुकला ते बोला, पंचालाही दोन शब्द सुनवा. पण हरलेल्या पोराला मोबाईलवर एक अक्षरही वाईट लिहू नका, आणि दुसरे कोणी लिहीत असेल तर त्याला गप्प बसवा. आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला, जेव्हा प्रेक्षागृह अर्धे रिकामे असते, तेव्हा आवर्जून जा.

— संपादक मंडळ