कार्यक्रमाचा ‘असर’ पाहणार कोण?



आपल्या शाळेत मराठी वाचनाचा साप्ताहिक तास सुरू होऊन हे तिसरे वर्ष आहे. पुढील सत्रात तो चालू ठेवावा, की ती वेळ इंग्रजीला किंवा संगणकाला द्यावी, हा प्रश्न लवकरच विश्वस्त मंडळापुढे येईल. पालकांमध्ये दोन्ही मते आहेत. तास किती झाले, पुस्तके किती वाटली, हजेरी किती होती, हे सर्व नोंदवहीत आहे. मुले मराठी वाचू लागली का, हे मात्र त्या वहीतून कळत नाही. आमचे मत असे की शाळेने आधी हे पाहण्यासाठी एक छोटा चमू उभा करावा आणि निर्णय त्यानंतर घ्यावा.

देखरेख आणि मूल्यमापन हे दोन शब्द आपण एकाच दमात उच्चारतो, पण ती कामे वेगळी आहेत. तास वेळेवर होतो का, पुस्तके कपाटात न राहता मुलांच्या हातात जातात का, हे पाहणे म्हणजे देखरेख. ती तास चालवणाऱ्यांनीच दर आठवड्याला करायची असते. त्या सर्व खटाटोपाने मुलात काय फरक पडला, हे पाहणे म्हणजे मूल्यमापन. ते मात्र तास घेणाऱ्या शिक्षकांवर एकट्यांवर सोपवू नये. यात त्यांच्यावर अविश्वास नाही. स्वतःच्या स्वयंपाकाला मीठ बरोबर पडले का, हे दुसऱ्याने सांगितलेले बरे, इतकेच.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. हिंदीत ‘असर’ म्हणजे परिणाम. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली ग्रामीण भारतात याच नावाची पाहणी सुरू केली. तिची रीत साधी आहे. घरी जाऊन एकेका मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून थोडी कमी मुले दुसरीची गोष्ट वाचू शकली. हे काम करणारे कोणी मोठे अधिकारी नसतात. बहुधा त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते असतात. त्यांना आधी प्रशिक्षण देतात, गावात दोघांना मिळून पाठवतात आणि काही गावांत दुसरे कोणी जाऊन काम पुन्हा तपासते. चमू कसा बांधावा, याचा हा चांगला नमुना आहे.

याच संस्थेचे दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातील २८० गावांत तिने अर्थशास्त्रज्ञांसह एक प्रयोग केला. पुढे २०१९ साली नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यांत होते. काही गावांत ग्राम शिक्षण समितीची माहिती देणाऱ्या सभा घेतल्या. काही गावांत त्याबरोबर मुलांचे वाचन तपासायला गावकऱ्यांना शिकवले. काही गावांत याच्या जोडीला स्वयंसेवकांना तयार करून वाचनवर्ग चालवले. उरलेल्या गावांत तुलनेसाठी काहीच केले नाही. सभांनी आणि नुसत्या तपासणीने शिक्षणात फरक पडला नाही. वाचनवर्गाला आलेली मुले मात्र पुढे गेली. आपल्याच मेहनतीचा काही भाग वाया गेला, हा निष्कर्ष संस्थेने लपवला नाही. संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी त्या अहवालाच्या सहलेखिका आहेत.

यातून आपल्यासाठी एक इशाराही आहे. नुसती समिती नेमून आणि आकडे सभेत वाचून काही बदलत नाही. चमूने आणलेल्या उत्तरावर कोणी, केव्हा, काय करायचे, हे आधीच ठरलेले हवे.

आता आपल्या इंदूरची एक खास अडचण. आपली मुले हिंदी वाचतात आणि मराठीची लिपीही देवनागरीच आहे. त्यामुळे पाचवीतला मुलगा मराठी पान खडाखडा वाचून दाखवतो आणि ऐकणारा खूश होतो. पण ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ विचारला तर तो ‘पढ़ाई’ सांगतो, ‘चेष्टा’ म्हणजे ‘कोशिश’ सांगतो. नुसते मोठ्याने वाचून घेतले तर आपला कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी ठरेल आणि आजीने लिहिलेले पत्र मुलाला तरीही कळणार नाही. म्हणून वाचनानंतर अर्थाचे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कोणते शब्द फसवतात, हे इथे दोन्ही भाषांत वाढलेल्या माणसालाच सुचते. बाहेरून संस्था बोलवावी, असे काही विश्वस्तांचे म्हणणे आहे, त्याला आमचे उत्तर हेच आहे.

चमू सहा जणांचा असावा: वाचनाचा तास न घेणारे एक शिक्षक, दोन पालक, हिशेबात पक्के असे एक निवृत्त माजी विद्यार्थी आणि अकरावीचे दोन विद्यार्थी. पालकांपैकी एक अशा घरातील असावेत जिथे मराठी बोलली जात नाही. तिसरी ते पाचवीची मुले साधारण १२० आहेत. प्रत्येकी तीन मिनिटे धरली तर सहा तास होतात. चौघे ऐकायला बसले तर दीड तासात काम आटोपते, उरलेले दोघे नोंदी ठेवतील. हे सत्राच्या आरंभी एकदा आणि फेब्रुवारीत एकदा करावे. पान वेगळे असावे, पण कठीणपणा सारखा. दर दहा मुलांमागे एकाला दुसऱ्याने पुन्हा ऐकावे, म्हणजे ऐकणाऱ्यांचे कान जुळतात की नाही, हे कळेल.

शिक्षकांवर आधीच परीक्षा, निवडणुकीची कामे, कागदपत्रे यांचे ओझे आहे, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच चमूत शिक्षक एकच ठेवला आहे. दुसरी भीती अशी की निकाल वाईट आला तर कोणाला तरी जबाबदार धरतील. त्यासाठी विश्वस्त मंडळाने आधीच लेखी ठराव करावा, की या नोंदी कोणाच्या वेतनवाढीला किंवा मुलाच्या अंकसूचीला लागणार नाहीत. ही हमी नसेल तर नोंदी गोड होतील आणि सगळा उद्योग फुकट जाईल. मुलांची नावे बाहेर जाऊ नयेत, वर्गाचा निकाल मात्र याच वार्तापत्रात जसाच्या तसा छापावा.

वाचनाचा तास टिकावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण तीन वर्षांत मुलांना त्याचा उपयोग झाला नसेल, तर तो आहे तसा चालवण्याचा आपल्याला अधिकार नाही, तो बदलावा लागेल. ज्यांना चमूत काम करायचे आहे, त्यांनी या महिन्याअखेर कार्यालयात नाव द्यावे. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी वर्गशिक्षकांमार्फत द्यावे.

— प्राचार्य