दहा हजारांत आठ

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग टळावा म्हणून त्यास जोडलेले प्रोजेस्टिन, आणि या जोडीने ऋतुनिवृत्त स्त्रीचे हृदयही सुरक्षित राहील ही वैद्यकांची दृढ समजूत, यांची पारख करणारी अमेरिकेतील सोळा हजारांवर स्त्रियांची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच बंद झाली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी अधिक, हा आकडा जगभर दुमदुमला. दरसाल दहा हजारांमागे आठ रुग्ण जास्त, हा त्याच अहवालातील हिशेब मात्र दप्तरी पडून राहिला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि गर्भाशय काढलेल्या ज्यांना केवळ इस्ट्रोजेन दिले त्यांच्यात ही वाढ आढळलीच नाही; पण भीतीला एवढी फुरसत कुठली? रात्री घामाने चिंब होऊन उठणाऱ्या पन्नाशीतल्या बाईपुढे हा सारा तपशील मांडावा, एवढ्यासाठी या अंकाचा खटाटोप आहे.