सनई माळ्यावर ठेवण्यापूर्वी

वरकुटे असो वा बारामती-इंदापूर भागातील दुसरे कोणतेही गाव, यात्रेच्या पहाटे ऐकलेला सनई-चौघडा आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. वाजवणारा बहुधा कुणाचा तरी आजा. चेहरा सुरकुतलेला, गाल मात्र टरारून फुगलेले. त्या गालांचीच आता घरच्यांना धास्ती वाटते. “अण्णा, पुरे झालं, या वयात छातीला ताण नको,” असे म्हणत सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर जाते. कोल्हापूरजवळ कणेरी येथे जुने ग्रामजीवन उघड्या आवारात पुतळ्यांतून उभे केले आहे. नातवंडांसह अण्णांना तेथे अवश्य न्यावे. पण घरातल्या जित्याजागत्या वादकाचा पुतळा करण्याची घाई कशाला?

सनईला दोघे लागतात. एक चाल वाजवतो, दुसरा अखंड सूर धरतो. सूर तुटू नये म्हणून हवा गालांत साठवायची, गालांच्याच दाबाने ती नळीत सोडायची आणि त्याच क्षणी नाकाने श्वास आत घ्यायचा. दिल्लीत २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्करी पथके जे बॅगपाइप वाजवतात, त्यात हे काम काखेतली पिशवी करते. आपल्या वादकाचे गाल हीच त्याची पिशवी.

या श्रमाचा शरीराला काही लाभ होतो का? झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेल्या २५ जणांवर स्वित्झर्लंडमध्ये एक चाचणी झाली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काहींना डिजेरीडू हे ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींचे लांब फुंकवाद्य शिकवले. चार महिन्यांच्या सरावानंतर त्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि शेजारी झोपणाऱ्यालाही त्रास कमी झाला. चाचणी लहान होती आणि वाद्य सनई नव्हते, म्हणून हिला उपचार समजू नये. मात्र घशाच्या स्नायूंना काम मिळते, एवढे त्यातून दिसते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१६ साली एका रुग्णाची हकिकत नोंदवली. ६१ वर्षांचे हे गृहस्थ रोज बॅगपाइप वाजवीत. खोकला व धाप काही केल्या हटेना. तीन महिने ते ऑस्ट्रेलियात राहिले, बॅगपाइप घरीच होते, आणि धाप झपाट्याने उतरली. त्यांच्या मृत्यूपूर्वी वाद्याची तपासणी झाली तेव्हा आतल्या ओलाव्यात अनेक प्रकारची बुरशी सापडली. फुफ्फुसाला तिचेच वावडे झाले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले.

म्हणून अण्णांची सनई काढाल तेव्हा आधी ती पाहा. माळ्यावरून उतरलेली सनई पुसल्याशिवाय ओठांना लावू नये. वाजवून झाल्यावर पत्ती वेगळी काढावी, नळीतून कोरडे स्वच्छ फडके फिरवावे, सारे भाग उघड्यावर वाळू द्यावेत आणि मगच पिशवीत ठेवावेत. काळी पडलेली, वास येणारी पत्ती टाकून द्यावी. एकमेकांची पत्ती तोंडात घेऊ नये. हाच नियम घरातल्या नेब्युलायझरला लागू आहे, आणि तेथे तर आपण फारच ढिलाई करतो: औषधाची वाटी व मास्क दर वेळी धुऊन पूर्ण वाळवले पाहिजेत.

काचबिंदू असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांना विचारल्यावाचून जोराने फुंकू नये. अशा वाद्यांनी डोळ्यांतील दाब तात्पुरता वाढतो. हर्निया, नुकतीच झालेली डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया, अनियंत्रित रक्तदाब यांबाबतही आधी डॉक्टरांना विचारावे. वाजवताना चक्कर आली, छातीत दुखले, तर तत्काळ थांबावे व विलंब न करता डॉक्टरांना गाठावे. कवळी सैल असेल तर पत्ती ओठांत धरवत नाही. तेथे दोष दमाचा नसून कवळीचा असतो, आणि तो दंतवैद्याकडे दुरुस्त होतो.

डॉक्टरांकडे जाताना सनई बरोबर न्यावी. “काहीतरी फुंकतात” एवढ्या सांगण्यावरून त्यांना अंदाज येणार नाही. जमल्यास त्यांच्यासमोर अण्णांना एक सूर धरू द्यावा. श्वास कुठे अडतो, ते त्यांना तिथेच कळेल.