मिसेस पिपची बाजू

बायको नाटकाला ओढून नेते आणि नवरा बिचारा खुर्चीत पेंगतो, या विनोदाला हसणं मी सोडलं आहे. विनोद जुना आहे म्हणून नव्हे. जुने विनोद तर मीही सांगतो. माझा राग त्या 'बिचारा' शब्दावर आहे!

या बिचाऱ्यांचा एक मूळपुरुष मला ठाऊक आहे. न्यूयॉर्कला १८८३ साली 'लाइफ' नावाचं विनोदी साप्ताहिक निघालं. त्यात चार्ल्स डेना गिब्सन चित्रं काढी. त्याचा मिस्टर पिप चणीने एवढासा, बायको भारदस्त, दोन मुली ताडासारख्या. तिघींनी त्याला युरोपभर फिरवला. १८९९ साली या चित्रांचं पुस्तक निघालं आणि १९०५ साली चक्क नाटक! घरात ज्याला तोंड उघडायची सोय नव्हती, तो रंगमंचावर बोलू लागला.

पण मिसेस पिपला कोणी विचारलं? टाक पुरुषाच्या हातात; मग फरफटत जाणारा तो गरीब गाय आणि चार गोष्टी बघायची हौस असलेली ती कैदाशीण! नाट्यगृहातही तेच. घोरणाऱ्याची कीव, जागी राहणारीची थट्टा. अहो, तिकिटाचे पैसे वसूल कोण करतं?

हे सगळं मी आमच्या हिला तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "परवाच्या नाटकाचा शेवट काय झाला हो?"

मी अंदाजाने म्हटलं, "लग्न झालं त्यांचं."

नाटक घटस्फोटाचं होतं.