बाकावरची मुलगी

बास्केटबॉलच्या संघात बारा जणी, मैदानावर पाच. सामन्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. तरीही एखादी पूर्ण चाळीस मिनिटे बाकावरच बसून राहते. मग घरचा प्रश्न तयारच असतो : खेळायलाच मिळत नाही, तर रोज संध्याकाळी जातेस कशाला? मुलगा पुढच्या मोसमाची वाट पाहू शकतो. दहावी-बारावीतल्या मुलीला पुढचा मोसम मिळेलच याची खात्री कोण देणार?

१८९०च्या दशकात अमेरिकेत सेंडा बेरेन्सन यांनी स्त्रियांसाठी मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग ओलांडायला बंदी होती. त्या रेषा पुढे पुसल्या गेल्या. बाकापुढची रेषा अजून आहे.

नागपूरची सिया देवधर भारतासाठी खेळली, याचा आपल्याला अभिमान आहे. तिच्यासारखी दुसरी कदाचित आज बाकावर बसली असेल.

मैत्रिणींनो, मोसम सुरू होण्याआधीच प्रशिक्षकांशी बोलूया. सरावात चमकणाऱ्या राखीव मुलीला प्रत्येक साखळी सामन्यात ठरलेली मिनिटे मिळावीत, सामना अटीतटीचा असला तरी. ती चुकली तर लगेच बाहेर काढू नये. आणि त्या दिवशी तिच्या आईला मैदानावर घेऊन जाण्याचे काम आपले.